बोनकोड्याच्या आजीचं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

श्याम म्हणतो, "मला जे ऐकवतेस ते वहीला ऐकव. वही उठून गॅलरीत जाऊ शकत नाही." म्हणून ही वही.

आजचा राग असा. जागूच्या शाळेने घरी वाचायला चित्रांचं पुस्तक दिलं आहे. त्यातल्या मुलीची आई गोरी, बाबा सावळे. मुलीचा एक मोजा लाल, एक निळा, कारण ती म्हणे 'दोन जगांची' आहे. एका पानावर ती पॅनकेक खाते, दुसऱ्यावर डोसा. शेवटी दोन्ही आज्या एकमेकींना मिठी मारतात आणि वर इंद्रधनुष्य उगवतं. अठ्ठावीस पानांत कोणी कोणाला एक वाकडा शब्द बोलत नाही. मी सदतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. असं कुटुंब एकदाही कानावर आलं नाही, आणि माझ्या कानावर पुष्कळ आलं आहे.

जागूने विचारलं, "आजी, मी पण दोन जगांची ना? मग मी कुठे अर्धी होते? कमरेत, की उभी मधोमध?"

"तू अख्खी आहेस. दूध पी."

"बोनकोड्याची आजी माझ्या कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी विचार न करता म्हणाले. श्याम पेपरामागे खोकला.

वहीला ओळख करून द्यायला हवी. श्याम माझा नवरा. जागू माझी नात, सात वर्षांची. पूर्ण नाव जागृती. हे नाव नव्हे, पतपेढी आहे, असं मी बारशालाच म्हटलं होतं, पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या बोनकोड्याची. माझी मुलगी क्षिप्रा हिने नऊ वर्षांपूर्वी हरेशशी लग्न केलं. मुलगा इंजिनियर, घर बोनकोडे गावात, जात आगरी. मी विरोध केला नव्हता. मी फक्त दोन महिने नीट जेवले नव्हते.

आता दोघं नोकरीला. जागूची बस पाऊण वाजता तिला सानपाड्याला आमच्या गेटवर सोडते, आणि क्षिप्रा साडेसहाला न्यायला येते. दिवसातले तेवढेच तास मी कोणावर ओरडत नाही. हे श्यामचं निरीक्षण आहे, माझं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली. वाशीत 'उंबरठा बालपुस्तके' नावाची संस्था आहे, त्यांना 'संमिश्र वारशाच्या' घरगुती गोष्टी हव्यात. मी फोन केला. अस्मिता नावाची मुलगी बोलली, वय असेल सत्तावीस.

"मीनाकाकू, तुमची स्टोरी सुपर ऑथेंटिक वाटतेय. आमचा फोकस सेलिब्रेशनवर आहे. कॉन्फ्लिक्ट नको."

"कॉन्फ्लिक्ट नको तर गोष्ट कशाला हवी? फोटो काढून मोकळे व्हा."

ती हसली. मी विनोद केला नव्हता.

पण लिहिणार. निदान मोजे तरी सारखे ठेवीन. वाचन शनिवारी पंधराला आमच्याच क्लबहाउसमध्ये. आधी कच्ची प्रत छापून मिळेल.

सोमवार, १० फेब्रुवारी

मजकूर झाला. चोवीस पानं. मी आयुष्यात कोणाची भीड ठेवली नाही, इथेही ठेवलेली नाही. दोन्ही बाजूंना सारखा न्याय दिला आहे.

आमची बाजू: गिरगावचं घर, बॅरिस्टर पणजोबा, त्यांचा चांदीचा चहाचा सेट, माझी कॉन्व्हेंट शाळा, मदर ॲग्नेस, पियानोवर बसलेली मी, टेलिफोनचा स्विचबोर्ड. तेरा पानं झाली. काटछाट करून तेरा.

मग जागू, तिची शाळा, तिचा वाढदिवस. आणि बोनकोड्याच्या आजीचं एक पान. एकच, पण चित्र पानभर येणार आहे. डोक्यावर पाटी घेतलेली आजी, पाटीत मासळी, मागे होड्या. 'बोनकोड्याची आजी ताजी ताजी मासळी विकते. तिच्या हाताला समुद्राचा वास येतो.' अस्मिताला ही ओळ इतकी आवडली की तिने फोनवर दोनदा वाचून दाखवली.

श्याम म्हणाला, "तिला विचारलंस?"

"काय विचारायचं? नऊ वर्षं बघते आहे."

"मासळी विकताना?"

"आगरी-कोळी म्हणतात ना सगळे? हायफन घालून? महोत्सवाच्या फलकावर असतं."

तसंही विमलबाई, म्हणजे हरेशची आई, भेटतात कुठे? लग्नसराई सुरू झाली की रोज कुणाच्या तरी मांडवात. साडी मिळते, नारळ मिळतो, जेवण होतं. असते एकेकाला हौस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चित्रकाराला फोटो हवे होते, म्हणून रिक्षा करून दिवाळे गावात गेले. बेलापूरच्या खाडीवर, होड्यांपर्यंत. माझ्यासारखी मेहनत आजकालचे लेखक घेत नाहीत. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. मी फोटो काढत होते तेवढ्यात एक कोळीण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाय, फोटू फुकट काय? मावरा घे."

"आमच्याकडे मंगळवारी चालत नाही."

"फोटूला मंगलवार चालतो, तुला?"

बाकीच्या हसल्या. मी अर्धा किलो बोंबील घेतले. लिफ्टमध्ये शेजारच्या निशांतच्या आईने नाकाला रुमाल लावला. साहित्यासाठी काय काय सोसावं लागतं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. रागाने. दुसऱ्या कशाने घासेन?

क्लबहाउसमध्ये चाळीस माणसं, समोसे, अस्मिता. पहिल्या रांगेत हरेश, क्षिप्रा आणि विमलबाई. मीच आग्रहाने बोलावलं होतं. त्या जांभळी साडी नेसून, नाकात मोठी नथ घालून आल्या होत्या. जागू माझ्या शेजारी उभी राहून पानं उलटत होती. बॅरिस्टरांची पानं लोकांना फार आवडली असावीत, कोणी आवाजसुद्धा करत नव्हतं.

मग ते पान आलं. मी वाचलं. जागूने पान उलटलंच नाही.

"आजी, ही कोण?"

"ही बोनकोड्याची आजी."

"नाही! बोनकोड्याची आजी लग्नं लावते!"

लोक हसले. मीही हसले आणि म्हणाले, "लग्नाला जाते, राणी. लावतात ते गुरुजी."

"नाही, लावते! आजी बसते आणि धवला म्हणते आणि मग लग्न लागतं. आणि मासे तर पप्पा ऑनलाइन मागवतात!"

आता लोक फारच हसले. क्षिप्रा मान खाली घालून नखं बघत होती. विमलबाई हसल्या नाहीत. शेवटपर्यंत बसल्या, समोसा खाल्ला, जाताना पुस्तकाला हात लावून म्हणाल्या, "चांगला हाय. चित्र मोटा हाय." आणि गेल्या.

मुलांनी मध्ये बोलू नये, एवढं शिस्तीचं वळण बोनकोड्याला लावत नसतील तर मी काय करणार?

रविवार, १६ फेब्रुवारी

हरेश एकटाच आला. हा मुलगा कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडण नीट होतच नाही. चहा घेतला, कप स्वतः विसळला.

"आई, उद्यापासून जागू शाळेतून बोनकोड्याला उतरेल. बसवाल्याशी बोललोय."

"का? इथे काय कमी आहे?"

"काही नाही. तिथे आजी काय करते ते तिला माहीत आहे. इथे चुकीचं शिकेल."

"एका चित्रावरून?"

"नऊ वर्षांवरून, आई," असं म्हणून त्याने चपला घातल्या.

क्षिप्राला फोन केला. म्हणाली, "आई, प्लीज, मला टेन्शन देऊ नको. त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय."

"आणि मी?"

"तू रोज मागतेस."

गुरुवार, २० फेब्रुवारी

पाऊण वाजता गेटवर गेले. सवयीने. बस पुढे निघून गेली, खिडकीतून जागूने हात केला. वॉचमन सदू म्हणाला, "मॅडम, बेबी सुट्टीवर हाय का?" मी म्हटलं, हो.

दुधाची जास्तीची पिशवी बंद करायला हवी. केली नाही. श्याम पितो आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज सविस्तर लिहिणार आहे.

बोनकोड्याला गेले. ठरवून गेले होते की ताठ मानेने बोलायचं, जागूला परत मागायचं. घर चार मजली, खालच्या तीन मजल्यांवर भाडेकरू. विमलबाई घरी नव्हत्या. त्यांच्या जाऊबाईंच्या सुनेने सांगितलं, गल्लीच्या टोकाला मांडव आहे, तिथे आहेत. जागूपण.

मांडवात उंबराची फांदी लावलेली. बायका गोल करून बसलेल्या, मध्ये विमलबाई, त्याच जांभळ्या साडीत. डोळे मिटून धवला गात होत्या, लग्नविधीचं गाणं. एकच चाल, खालच्या पट्टीत, सरळ रेषेत चाललेली. आधी देवांना बोलावलं. गावदेवीला, खाडीला, शेतांना, जी शेतं आता टॉवर आहेत त्यांनाही जुन्या नावांनी. मग नवऱ्या मुलीच्या घरातल्या बायका, एकेक नाव घेऊन. नाव आलं की ती बाई पदर डोक्यावर घ्यायची. जी हयात नव्हती तिच्यासाठी दुसरी कुणीतरी घ्यायची. हातात कागद नाही, काही नाही. दीड तास. लाल उपरणं घातलेले एक पोट सुटलेले गृहस्थ, मांडवातले सगळ्यात मोठे असावेत, ते विचारायला आले, "बाय, आता हलद लावाची का?" विमलबाईंनी डोळे न उघडता हाताने थांबवलं, आणि ते थांबले. श्याम माझ्यासाठी असा कधी थांबलेला नाही.

जागू त्यांच्या मांडीला टेकून बसली होती. मला बघून उठली नाही. पुढची ओळ तिला येत होती.

संपल्यावर विमलबाई माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले, आणि तोंडातून मदर ॲग्नेसने शिकवलेलं वाक्य आलं, "आय ओ यू ॲन अपॉलॉजी."

"काय व्हो?"

"म्हणजे..." मी म्हटलं. "चुकलं माझं." दोनच शब्द आहेत. इंग्रजीत जास्त आहेत, पण सोपे आहेत.

"मी जल्मात मासली इकली नाय, विहीनबाय. आमी आगरी. भात लावला, मिठागरांन काम केला. मासली आमी दिवाल्याच्या कोलनींकरशी इकत घेताव, तुमच्यासारकीच. फरक यवराच, आमी घासाघीस करताव."

"मला सांगायचंत ना तेव्हाच."

"तुमी इचारला?"

मग पाणी आलं, गुळाचा खडा आला. मी काहीतरी चांगलं बोलावं म्हणून म्हटलं, "धवला मी आज पहिल्यांदा ऐकला."

"दुसऱ्यांदा," त्या म्हणाल्या. "क्षिप्राच्या लग्नान हाफ झालेला. वाशीच्या हॉलान. हरेशचा धवला मीच बोलत होती. पोरीच्या आयशीचा नाव येवाचा होता, न् माईक बंद."

मला हॉल आठवला. वराकडच्या बायकांचा घोळका, सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, आणि मध्येच कुणीतरी लांबच लांब काहीतरी गात होतं. गुरुजींचा मुहूर्त चुकेल म्हणून मी साउंडवाल्याला हात करून बंद करायला सांगितलं होतं. हॉल आमच्या नावावर होता.

"मला वाटलं कोणीतरी..." मी म्हटलं.

"कोनीतरीच होती," विमलबाई म्हणाल्या आणि खरंच हसल्या, दात दिसेपर्यंत. "बिगर माईकचा बोल्ली मी पुरा. तुमचा नाव पन घेतला. देवानी आयकला आसंल, तुमी नाय आयकला."

मी विचारलं, जागू सोमवारपासून परत येईल ना?

"पोर हितंच रेल. तुमी या की. मी मांडवान गेली का पोरीजवल कोन तरी पायजेल. बस येते सानपाऱ्याशी."

"रोज?"

"रोज या. पर हात हलवत येव नका. तुमच्या घरची एक बाई घेऊन या."

"म्हणजे?"

"नाव. रोज एका बाईचा नाव. पोरीचा लगीन होल तवा मी असन का नसन. दोन्ही अंगची नावां तिला पाठ पायजेत. माज्या अंगची तिला नव येतात. तुमच्या अंगचा एकच येतो, न् ता पन तुमचा."

ही काय शाळेची फी आहे? असं मी बसमध्ये बसल्यावर मनात म्हणाले.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

चार दिवस बसून पुस्तक नवं लिहिलं. बॅरिस्टर दोन पानांत बसवले. चांदीच्या सेटला जागाच उरली नाही. बाकी मांडव, धवला, आणि माईक. हो, माईकही. माझ्या नावानिशी.

अस्मिताने वाचलं. फोनवर म्हणाली, "काकू, लिहिलंय पॉवरफुल. पण एक प्रॉब्लेम आहे. हे मिक्स्ड वाटत नाहीये."

"काय वाटत नाही?"

"म्हणजे दोघीही मराठी, दोघीही हिंदू. सानपाडा ते बोनकोडे म्हणजे किती, सात-आठ किलोमीटर? फंडिंगवाल्यांना डायव्हर्सिटी दिसायला हवी. एक आजी आपण नागालँडची करू या का? किंवा तुम्हाला फ्रेंच करता येईल. तुमचं बॅकग्राउंड तसं सूट होतं."

"मुली, ते साडेसात किलोमीटर जायला मला नऊ वर्षं लागली. अजून स्टॉप आलेला नाही."

"सो स्वीट! हे ब्लर्बवर टाकता येईल. पण पुस्तक पहिलंच छापू या ना. मासळीचं पान व्हिज्युअली इतकं सुंदर आहे! कव्हरवर तेच घेतोय. तुमचं नाव मोठं येईल."

कव्हरवर माझं नाव. हे वाक्य मी सहासष्ट वर्षं ऐकायची वाट बघत होते, हे या वहीशिवाय कोणाला सांगणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला. अर्धा तास विचार केला, मग फोन करून सांगितलं, छापू नका. ती म्हणाली, शुअर आहात? मी म्हटलं, नाही, पण छापू नका. आणि छापलंत तर मी काय करीन ते एक्स्चेंजमधल्या कुणालाही विचारा.

श्यामने न सांगता चहा केला. साखर विसरला.

सोमवार, ३ मार्च

बोनकोड्याचा पहिला दिवस. एक नाव घेऊन गेले, माझ्या आईचं. मंदाकिनी.

विमलबाई घरी होत्या, मांडव संध्याकाळचा होता. पानाला चुना लावत म्हणाल्या, "ह्या सासरचा का माहेरचा?"

"सासरचं. लग्नात बदललं."

"मंग माहेरचा सांगा. माहेरच्या नावानी आयशीनं हाक मारलेली असते."

ते मला सांगता आलं, द्वारका. जागूने लगेच चालीत बसवलं आणि दोनदा म्हटलं. मी चष्मा काढून पुसला. बोनकोड्यात धूळ फार आहे. सगळीकडे बांधकाम.

मी विमलबाईंना म्हटलं, आमची वंशावळ छापलेली आहे, सात पिढ्यांची, हवी तर आणते. त्यांनी विचारलं, "बाया हायेत तिच्यान?"

घरी येऊन कपाटातून काढली. बावन्न नावं आहेत. बॅरिस्टर आहेत, त्यांचा लहानपणी गेलेला भाऊ आहे. बाई एकही नाही. बॅरिस्टरांच्या नावाशेजारी कंसात 'दोन विवाह' असं आहे.

मंगळवार, ४ मार्च

आज आजीचं नाव नेलं. ते कसंबसं आठवलं, रखमा. उद्याचं काय? आजीच्या आईचं मला माहीत नाही. पुण्याला कमळमावशीला फोन केला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे, कान तिखट, जीभ माझ्यापेक्षा.

"मावशी, तुझ्या आजीचं नाव काय होतं गं?"

"कशाला हवंय? पासपोर्टला?"

"नाही, बोनकोड्याला."

"कुठे?"

"ते राहू दे. नाव सांग."

"तिला मोठी म्हणत सगळे."

"ते हाक मारायचं झालं. नाव?"

"अगं, मोठीच. अकरा मुलं झाली तिला, सहा जगली. कढण करायची कुळथाचं, तसं नंतर कोणाला जमलं नाही. जाड होती. अंगठा द्यायची, सही नव्हती येत."

"पण मावशी, तिला नाव असेल ना काहीतरी! बारसं झालं असेल!"

लाइनवर नुसता श्वास ऐकू येत होता, जुन्या ट्रंक कॉलसारखा.

"कुणी नावाने हाक मारायची वेळच आली नाही, मीना," ती म्हणाली. "ती समोरच असायची."

ओळीत आता माझ्या आधीची दोन नावं आहेत. तिसऱ्या जागी 'मोठी' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. विमलबाई चालवून घेतील असं वाटत नाही. तरी तेच घेऊन जाणार. साडेअकराची बस आहे.